अनुभव धागा : अळीला पान राखून ठेवणारी बाग

दोन वर्षांपूर्वी प्रतापनगरातील घरापुढच्या अरुंद पट्टीत मी दुहेरी पाकळ्यांचा झेंडू आणि पिटुनिया लावली व फुलपाखरांची वाट पाहत बसलो. ती येत, क्षणभर टेकत आणि निघून जात. एके दिवशी कुंपणापलीकडच्या गोडलिंबावर एक मादी पोटाचे टोक वाकवून पानांना एकेक अंडे चिकटवताना दिसली, तेव्हा माझ्या बागेत काय नव्हते ते कळले. अळीला खाण्याजोगे एकही पान तेथे नव्हते. नागपूर व आसपासच्या मंडळींनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले, येथे लिहावेत. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, काय दिसले एवढे अवश्य नोंदवावे.

धरमपेठ, गच्चीवरील कुंड्या

आमच्या गोडलिंबावर श्रावणात पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले. ते पुसायला गेले तर ठिपका हलला. कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी असे सोंग घेतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात, हे मला नंतर समजले. सासूबाईंना मात्र फोडणीची पाने कमी होत असल्याची चिंता होती व ती रास्तच होती. शेवटी दुसरे रोप आणले. एक स्वयंपाकघराचे, एक अळ्यांचे. अळ्यांनी ही वाटणी पाळली नाही, म्हणून त्यांना उचलून ठेवण्याचे काम सासूबाईच करू लागल्या.

महाल

वाड्यामागे आपोआप उगवलेली रुई आहे. शनिवारी मारुतीच्या हारासाठी पाने काढताना काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी हाताला लागली. ती प्लेन टायगरची होती. रुईच्या चिकातील विष या अळ्या अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी पुढे फुलपाखरालाही सहसा तोंड लावत नाहीत. आता हारासाठी पाने एकाच बाजूची काढतो.

काटोल रस्ता, संत्र्याची बाग

वरील कौतुक वाचून थोडे संकोचानेच लिहितो, कारण लाइम बटरफ्लायची अळी आमच्याकडे कीड म्हणून गणली जाते. मोठ्या झाडाला तिचा फारसा उपद्रव होत नाही, परंतु नर्सरीतील कोवळ्या कलमांचा ती अक्षरशः खराटा करते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबूवर्गीय पानांवरच वाढते, तेव्हा मानपत्र मुंबईत आणि जेवणखर्च आमच्याकडे, असे मी गमतीने म्हणतो.

पूर्वी अळी दिसताच फवारणी करत असे. एका अंबिया बहारात, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यात, फुले उमललेली असतानाच फवारले आणि त्या आठवड्यात बागेतली मधमाश्यांची गुणगुण थांबली. फळधारणेवर किती परिणाम झाला हे मोजले नाही, पण ती शांतता विसरता येत नाही. आता नर्सरीतील अळ्या सकाळी हाताने वेचतो आणि बांधावर राखलेल्या जंबेरी (लिंबाचा एक प्रकार) व बेल यांच्या झाडांवर सोडतो. जंबेरी आम्ही कलमांसाठी खुंट म्हणून वाढवतोच, त्यामुळे वेगळा खर्च नाही. मजुरी मात्र वाढते. शंभर एकरांच्या बागाईतदाराला हे परवडेल असा दावा मी करणार नाही.

मनीषनगर, गृहनिर्माण संस्थेची सामाईक बाग

आमच्याकडे रोपे लावणे सोपे गेले, न उपटणे अवघड गेले. एकदांडी हे लहान फुलपाखरांचे व माश्यांचे बारमाही उपाहारगृह आहे, पण दर पंधरवड्याला ती 'कचरा' म्हणून निघत असे. पानफुटीच्या पानांत पोखरून राहणाऱ्या रेड पिएरोच्या अळ्या पाहून तर रोगट झाड समजून कुंडीच रिकामी करण्यात आली. सभेत बराच वाद झाल्यावर कुंपणालगतची तीन फुटांची पट्टी न कापण्याचे ठरले. घाणेरी लावण्याची सूचना मी स्वतः नाकारली. तिच्यावर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे, पण ती परदेशी असून सगळीकडे पसरते व इतर झाडोऱ्याला जागा ठेवत नाही.

हिंगणा

फुलपाखरांइतकेच लक्ष वांग्याकडे द्यावे, असे सुचवतो. वांग्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी फुलाला धरून अंग थरथरवते, तेव्हा त्यांतून पराग झडतात. मधाच्या पोळ्यांतील माशीला ही युक्ती जमत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बिळे करते, म्हणून सगळीकडे फरशी घालण्याऐवजी एक कोपरा उघड्या मातीचा ठेवला. भुंग्यांनी जुन्या बांबूत घर केले. मांडव नवा करताना तो बांबू तेवढा तसाच ठेवला.

सेमिनरी हिल्सजवळ

आमचा अनुभव कूलरचा आहे. चैत्रात टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याने खालची माती ओली राहते व दुपारी तेथे फुलपाखरे सोंड टेकून बसतात. बहुतेक नर असतात, त्यांना मातीतील क्षार हवे असतात. पाणी साचू दिले तर डास होतात, म्हणून ताटलीत रेती भरून ती केवळ ओलसर ठेवतो. यंदा कूलर दुरुस्त करून घेतला आणि गळती थांबली. आता ताटलीत पाणी घालण्याची आठवण नातीने माझ्यावर सोपवली आहे.