कॅम्पर व्हॅन, कुत्री आणि आठवडाभर बेळगाव-खानापूर

आम्ही दोघं नि आमची लॅब्रडॉर, दिवाळीनंतर कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन आठवडाभर फिरायचं ठरवलोय. गोकाक, खानापूर, भीमगड, हलशी डोक्यात हाय. कुत्रीला घेऊन कुठं जमतंय?

खानापूरकर: भीमगड काढून टाका बघा, 2011 पासून अभयारण्य हाय, तिथं कुत्रं न्यायचं नाही आणि ते बरोबरच हाय, डिस्टेंपरसारखे कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. त्यापेक्षा जांबोटीकडं कुणाच्या मळ्यात विचारून गाडी लावा, पण रात्री कुत्रीला व्हॅनमध्येच झोपवा, बिबट्याचा भाग हाय.

गोकाकवाला: धबधबा 52 मीटरचा हाय, पावसाळ्यानंतर पाणी कमी होतंय तरी खडक निसरडा, पट्टा हातातनं सोडू नका. आणि हलशीत कदंबांचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आळीपाळीनं बघा, कुत्रीला बंद गाडीत ठेवून दोघंबी जाऊ नका हो, नोव्हेंबरचं ऊन पण काचा बंद असल्या तर जीव घेतंय.

गोचिडांचं काय? गवतात लई लोळते ती.

खानापूरकर: निघायच्या आधीच डॉक्टरकडनं गोचिडाचं औषध घ्या, रोज संध्याकाळी कानामागं, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघा. रेबीज नि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातनं पसरणारा रोग) लस झाली नसेल तर आत्ताच करून घ्या, लसीचं कार्ड गाडीत ठेवा.