विषय: आजोबांचा लष्करी फोटो – टोपीवरचा बिल्ला कुणाला ओळखता येईल का?

मंडळी, जय भीम.

आईने आजोबांचा (म्हणजे तिच्या वडिलांचा) एक फोटो पाठवला आहे, सोबत जोडते आहे. गणवेशात एकटेच उभे आहेत, वय पंचविशीच्या आसपास वाटतं. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी: आजोबा पहिल्या महायुद्धात महार पलटणीत होते, लढाई संपल्यावर सरकारने पलटणच मोडली आणि ते रिकाम्या हाताने गावी आले. मुलांसाठी घराण्याची माहिती लिहून ठेवते आहे. फोटोखाली '१९१८' लिहिलं तर चालेल का? बिल्ला नीट दिसत नाही, पण काहीतरी उभं चिन्ह आहे.

---

ताई, नमस्कार.

'१९१८' इतक्यात लिहू नका. फोटो मोठा करून तासभर पाहिला. बिल्ल्यावर खांब आहे आणि त्यावर इंग्रजीत 'महार' ही अक्षरं. अक्षरं सुलटी वाचता येतात हे महत्त्वाचं. जुने फोटो कधी कधी उलट्या काचेवरून छापले जात आणि मग डाव्या छातीवरची पदकं उजवीकडे दिसतात. तुमच्या फोटोत ती अडचण नाही.

तो खांब म्हणजे भीमा कोरेगावचा विजयस्तंभ. हे चिन्ह महार रेजिमेंटचं. तिची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली, दुसरी १९४२ च्या जानेवारीत कामठीला. १९४६ मध्ये तिची मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. आजोबांच्या टोपीवर मशीनगन नाहीत, नुसता स्तंभ आहे. म्हणून फोटो १९४१ ते १९४६ मधला, फार तर किंचित पुढचा, कारण नवा बिल्ला जवानाच्या हाती पडायला वेळ लागतो. पायांकडेही पाहा: पहिल्या महायुद्धात गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या असत, इथे घोट्यापाशी आखूड आहेत. बाहीवर दोन फिती आहेत, म्हणजे नाईक.

मात्र घरची गोष्ट खोटी समजू नका, मला तीच जास्त मोलाची वाटते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पुढे गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार्स पलटण उभारली आणि १९२१ मध्ये तीही मोडली. बापजाद्यांची नोकरी चार वर्षांपुरती परत मिळून पुन्हा हिरावली गेली, ते दुःख घरोघरी सांगितलं गेलं असणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. महार पलटणीची मागणी त्यांनी लावून धरली होती. गोष्ट खरी आहे, फक्त ती आजोबांची नसून त्यांच्या वडिलांची असावी. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून पाहाल का?

---

ताई, एक कळकळीची विनंती: फोटो रंगीत करून देणाऱ्या ॲपमध्ये टाकू नका. छातीवरच्या फितींचे रंग ते ॲप मनाने भरतं. मुळात कृष्णधवल फोटोतही रंग फसवतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उमटत असे, त्यामुळे करड्या छटांवरून पदक ओळखायला जाऊ नये. 'चेहरा स्पष्ट करा' हे बटणही नको, नाही तर आजोबांच्या जागी दुसराच कोणी दिसायचा. १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पाठीमागची बाजू विसरू नका.

---

काका, मावशीशी काल फोनवर बोलले. तिचं ऐकून गप्पच झाले. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा आजोबा पाळण्यात होते! पलटण मोडून घरी आले ते पणजोबा. आजोबा भरतीला निघाले तेव्हा पणजोबांनी त्यांना वेशीपर्यंत सोडलं, "या वेळी पलटण राहील" म्हणाले. हे आईलाही ठाऊक नव्हतं. दोघांनाही घरात सगळे 'बाबा'च म्हणत, त्यामुळे दोघांच्या गोष्टी एक झाल्या.

फोटोच्या पाठीमागे कामठीच्या स्टुडिओचा शिक्का निघाला. म्हणजे १९४२ पक्कं का?

---

नाही ताई, त्यावरून साल ठरणार नाही. दुसरी पलटण तिथे १९४२ ला उभी राहिली हे खरं, पण १९४६ मध्ये रेजिमेंटचं केंद्रही कामठीलाच आलं. तूर्त 'कामठी, १९४२ ते १९४६' असं लिहा. रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. सेवा क्रमांक मिळाला तर तिथल्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिता येईल. आणि पणजोबांचं काही शिल्लक आहे का? पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.

---

काका, पणजोबांचा फोटो नाही. पण मावशीच्या लोखंडी पेटीत एक काळवंडलेलं पदक आहे. घासू नकोस, असं तिला बजावलं आहे. रविवारी तिची नात भिंग घेऊन कडेवरची अक्षरं वाचून दाखवणार आहे.