लेकीसाठी लॅपटॉप: १४ इंची की १६ इंची? (आर्किटेक्चर, रोज डोंबिवली ते दादर)

निशिगंध:

नमस्कार मंडळी,

लेक बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. पहिलं वर्ष टी-स्क्वेअर, ड्रॉइंग बोर्ड, माउंटबोर्ड आणि फेविकॉलवर निघालं, लॅपटॉपवाचून काही अडलं नाही. आता ऑटोकॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) आणि स्केचअप (थ्री-डी मॉडेलचं) सुरू झालंय, पुढच्या सेमिस्टरला रेव्हिट (अख्ख्या इमारतीचं मॉडेल करायचं) आहे. घरातला जुना लॅपटॉप स्केचअपमध्ये मॉडेल जरा फिरवलं की गिरणीसारखा घरघरतो. बजेट एक लाख, फारच ताणलं तर एक लाख दहा.

बघून बघून दोनांवर आलोय. पहिला १४ इंची, १.४ किलो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच जे असतं तेवढंच. दुसरा १६ इंची, २.४ किलो, आरटीएक्स ४०६० कार्ड. रॅम दोन्हीकडे १६ जीबी. किमतीत पंचवीस-तीस हजारांचा फरक.

दुकानदार म्हणतो, आर्किटेक्चर ना, मग कार्डाशिवाय घेऊच नका. कॉलेजातली सीनियर मुलंही तेच सांगतात. नवरा म्हणतो, घ्यायचाय तर एकदाच मोठा घेऊ, पुढची चार वर्षं बघायला नको. आणि जिला तो वापरायचाय ती म्हणते, "आई, सकाळच्या फास्टमध्ये तो पाठीवर घेऊन तू एकदा चढून दाखव."

काल तिची सॅक वाण्याच्या काट्यावर ठेवली. लॅपटॉपशिवाय ४ किलो ३०० ग्रॅम. वर खांद्याला शीट्सची नळी, आणि सबमिशनच्या दिवशी हातात मॉडेल. लेडीज डब्यात मॉडेल डोक्यावर धरून एका हाताने दांडा पकडणारी पोरगी मी पाहिली आहे, माझीच होती.

तर मला कंपनीचं नाव नकोय. हे ग्राफिक्स कार्ड नेमकं कोणत्या कामाला लागतं, आणि रोज लागतं की सबमिशनपुरतं, एवढं कोणी समजावून सांगेल का? आगाऊ धन्यवाद.

टूबी पेन्सिल:

मी आर्किटेक्ट आहे, ऑफिसात मुलं इंटर्न म्हणून येतात, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी ऐकतो. दुकानदार खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय.

ऑटोकॅडमधलं टू-डी ड्राफ्टिंग कार्डाशिवाय मजेत होतं. रेव्हिट बरंचसं प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतं, त्यातही बरीच कामं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्याच्या अनेक भागांपैकी एकावरच. म्हणजे नुसत्या रेव्हिटसाठी कार्डावर पैसे घालण्यापेक्षा ३२ जीबी रॅम केव्हाही बरी. स्केचअपचं अधलंमधलं. साधं मॉडेल आरामात फिरतं, पण मुलं इंटरनेटवरून आयती झाडं नि सोफे उतरवून घेतात आणि एकेका झाडाच्या हजारो कडा असतात. तिथे ते अडखळतं. सावल्या बंद ठेवल्या, झाडं वेगळ्या टॅगवर (थरावर) टाकून लपवली, की पुन्हा चालायला लागतं. ही सवय कार्ड असलेल्यांनीही लावून घ्यावी.

खरी गरज येते ती रेंडरिंगला, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र बनवायला. एन्स्केप, लुमियन, ट्विनमोशन, डी५ ही सगळी मंडळी कार्डावर जगतात. तिथे कार्डाची स्वतःची मेमरी मोजायची. दृश्य त्या मेमरीत मावलं नाही की काम रखडतं किंवा प्रोग्रॅम बंदच पडतो. रॅम पुढे वाढवता येते (सगळ्यांत नाही, पातळ मशीनमध्ये बहुधा सोल्डर केलेली असते, घेताना विचारा), पण लॅपटॉपच्या कार्डाची मेमरी जन्मभर तेवढीच. ४०६० च्या धाकट्या भावाला, ४०५० ला, ६ जीबी, ४०६० ला ८.

आता लेकीला विचारा, रेंडर कधीपासून मागतात? आमच्या इंटर्नांच्या बोलण्यावरून तिसऱ्या वर्षापर्यंत बरेच प्राध्यापक हाताने काढलेलं पर्स्पेक्टिव्हच मागतात. माझ्या मते मागावंच.

स्क्रूड्रायव्हर:

वर वजनाचा हिशेब अपुरा आहे. १६ इंचीचा २.४ किलो हा नुसता लॅपटॉप. त्याची चार्जरची वीट पाऊण किलोच्या आसपास धरा. ती घरी ठेवून चालणार नाही, कारण बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालतच नाही. म्हणजे कॉलेजात रेंडर करायचं तर तीन किलोच्या वर ओझं, शिवाय प्लगजवळची जागा पकडायची मारामारी.

यातून एक वाट आहे. असे बरेच लॅपटॉप टाइप-सी वरूनही चार्ज होतात, ६५ किंवा १०० वॅटच्या छोट्या चार्जरने. ड्राफ्टिंगपुरतं तेवढं पुरतं. मग वीट घरी, छोटा चार्जर सॅकमध्ये. मात्र टाइप-सीचं भोक आहे म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही.

आणखी एक. नुसतं '४०६०' वाचून हुरळून जाऊ नका. तीच चिप एका मशीनमध्ये ४५ वॅटवर चालते, दुसऱ्यात ११५ वर. पातळ मशीनला उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून कंपनी तिचा लगाम खेचून ठेवते. त्यामुळे सडपातळ मशीनमधलं ४०६० जाड्या मशीनमधल्या ४०५० पुढे फारसं मिरवू शकत नाही. हा वॅटचा आकडा खोक्यावर बहुधा नसतो, कंपनीच्या वेबसाइटवर बारीक अक्षरात शोधावा लागतो.

वांगीभात:

मॅकबुक एअर घ्या, १.२४ किलो, पंखाच नाही. प्रश्न मिटला.

टूबी पेन्सिल:

@वांगीभात, मिटला नाही, सुरू झाला. रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स (हेही थ्री-डी मॉडेलचं सॉफ्टवेअर) मॅकवर नाहीत. पूर्वी ॲपलच्याच बूट कॅम्प या सोयीने मॅकवर विंडोज टाकता यायचं, ॲपलच्या स्वतःच्या चिपा आल्यापासून तेही गेलं. स्केचअप-ऑटोकॅडपुरता मॅक उत्तम आहे, पण दुसऱ्याच वर्षी रेव्हिट असेल तर नको.

वांगीभात:

बरं. मी फक्त वजन वाचलं होतं.

काटकसरे:

निशिगंधताई, तुम्ही दोन वेगवेगळ्या गरजा एकाच यंत्रावर लादताय असं मला वाटतं. लोकलमधून नेण्याचं यंत्र आणि रात्री दोनला रेंडर करण्याचं यंत्र एकच कशाला हवं? आत्ता १४ इंची घ्या, ३२ जीबी रॅमवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. उरलेले पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवा. तिसऱ्या वर्षी गरज पडली की घरी डेस्कटॉप जोडा. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरीचं कार्ड येतं, तुमच्या लॅपटॉपवाल्या ४०६० पेक्षा जास्त. वापरलेलं मिळालं तर स्वस्तात पडतं, फक्त समोर चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

पडद्याचं म्हणाल तर १४ आणि १६ मध्ये दोनच इंच दिसतात, पण लांबी-रुंदीचं प्रमाण सारखंच असेल तर क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं. रेव्हिटच्या पट्ट्या डावी-उजवीकडे उघडल्या की १४ इंचीत मधे चित्राला खिडकीएवढी जागा उरते. म्हणून घरी २४ इंची मॉनिटर लावाच. तो पुढे डेस्कटॉपलाही चालेल.

घाटमाथा:

काटकसरे यांचा सल्ला घरून जाणाऱ्यांसाठी ठीक. माझा मुलगा याच कोर्सला पुण्यात हॉस्टेलवर होता. ग्रुप सबमिशन म्हणजे पाच जण कुणाच्या तरी खोलीत तीन रात्री ठाण मांडून. तिथे डेस्कटॉप काय डोक्यावर नेणार? आम्ही मोठाच घेतला आणि पस्तावलो नाही. पाठ दुखते म्हणायचा, ते खरं.

शिवाय पडद्याचे रंग बघा. एनटीएससी आणि एसआरजीबी ही पडदा किती रंग दाखवतो ते मोजायची मापं. तपशिलात '४५% एनटीएससी' लिहिलं असेल तर तो फिकट पडदा. स्क्रीनवर छान दिसणारा विटकरी रंग छापल्यावर भलताच येतो. १००% एसआरजीबी मागा.

निशिगंध:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांत जे दुकानात कळलं नाही ते इथे कळलं.

लेकीला टूबी पेन्सिल यांचा प्रश्न विचारला. दुसऱ्या वर्षी रेंडर चालतच नाही म्हणे, सर शीट परत करतात. तिसऱ्या वर्षी सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरवड्यात लागतं. लॅपटॉप स्टुडिओच्या दिवशी न्यायचा, म्हणजे आठवड्यातून तीनदा. मी मनात आकडा मांडला: पंधरा दिवसांच्या कामासाठी वर्षभर दीड-दोन किलो जास्तीचं ओझं. घाटमाथा यांचं ग्रुप सबमिशनचं म्हणणं पटलं, पण तिच्या ग्रुपमधल्या दोघींकडे १६ इंची आहेच, आणि त्यातली एक ठाण्यातच राहते. (हा मुद्दा लेकीचा. मला जरा आप्पलपोटा वाटला, पण खोडता आला नाही.)

तर १४ इंची, ३२ जीबी, एसआरजीबी पडदा, आणि घरी मॉनिटर. नवरा अजून "एकदाच काय ते" म्हणतोय, पण काल त्याला सॅक आणि त्यात तीन किलोचा तांदळाचा डबा घालून जिना चढायला लावला. तेव्हापासून आवाज कमी आहे.

येत्या रविवारी मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन-तीन दुकानं बघतो.

स्क्रूड्रायव्हर:

रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी जा, आणि जमलं तर सकाळीच.