पारा ४५ अंशांवर गेला की शहरात आगी का वाढतात?

विदर्भवासी: नागपुरात मे महिन्यात मीटरखोल्या, दुकाने आणि कचरा डेपो पेटल्याच्या बातम्या वारंवार येतात. साधा कागद पेट घ्यायलाही २०० अंशांहून अधिक तापमान लागते. मग हवेतील चार-पाच अंशांच्या वाढीने नेमका काय फरक पडतो? आमची इमारत जुनी आहे, म्हणून विचारतो.

वीजअभियंता: हवा आग लावत नाही, पण वायरला निवू देत नाही. घरगुती वायरचे पीव्हीसी आवरण साधारणतः ७० अंशांपर्यंतच्या सततच्या वापरासाठी असते. भोवताली ३० अंश असतील तर उष्णता बाहेर पडायला ४० अंशांचा फरक मिळतो. ४५ अंशांना तो २५ वर येतो आणि त्याच वायरची प्रवाह वाहण्याची सुरक्षित क्षमता सुमारे एक पंचमांशाने घटते. नेमक्या याच दिवसांत कूलर आणि एसी रात्रभर चालू असतात. मला सर्वाधिक काळजी वाटते ती ढिल्या जोडांची, कारण तेथे रोध वाढून जोड तापत राहतो, पण एकूण प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) पडत नाही. शिवाय उन्हाळ्यात एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून जास्त अँपिअरचा एमसीबी बसवला जातो. कृपया हे कोणालाही करू देऊ नका.

लंडननिवासी: १९ जुलै २०२२ रोजी येथे पारा प्रथमच ४० अंशांपुढे गेला आणि तो दिवस अग्निशमन दलासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरचा सर्वांत धावपळीचा ठरला. पावसाअभावी गवत वाळलेले होते. पूर्वेकडील वेनिंग्टनमध्ये आग घरांपर्यंत पोचून अनेक घरे जळाली.

पर्यावरण अभ्यासक: कचरा डेपोत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो आणि उन्हाने वरचा थर वाळतो. वरून पाणी मारले तरी आतली आग धुमसत राहते. मार्च २०२३ मध्ये कोचीतील ब्रह्मपुरमची आग विझवायला दहा दिवसांहून अधिक काळ लागला.

वीजअभियंता: विदर्भवासी, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्या यंत्रणेच्या तपासणीत वायरिंगचे जोड पाहिले जातीलच असे नाही, म्हणून फेब्रुवारीतच परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून ते स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. मीटरच्या आधीच्या जोडांना मात्र त्याने हात लावू नये. त्यासाठी वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा.