मोठ्या साइटवरून बाहेर पडायचंय, पण आमच्या रानफुलांच्या ग्रुपचं काय करू?

सोनकी_सातारकर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. गेली नऊ वर्षं मी एका मोठ्या सोशल साइटवर (नाव घेत नाही, तुमच्यापण मोबाईलमध्ये असणारच) रानफुलांच्या ग्रुपात आहे. तेरडा नि सोनकी सोडून काही ओळखता येत नव्हतं तिथपासून आता कंदीलपुष्प नुसत्या पानावरून ओळखते, ते सगळं तिथल्या माणसांमुळे. पण हल्ली उघडलं की आधी रील्स, मग जाहिरात, मग कुणाचं तरी राजकारणावरून भांडण, आणि ग्रुपातली पोस्ट मला दिसते चार दिवसांनी, तोवर फूल वाळून गेलेलं. त्यात मागच्या पावसाळ्यात एकाने आमरीचा (ऑर्किडचा) फोटो जागेच्या लिंकसकट टाकला, पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर तिथे नुसता चिखल आणि बुटांचे ठसे. तेव्हापासून मन उडालंय. मॅस्टोडॉन वगैरे वेगळ्या सोशल साइट्सबद्दल ऐकलंय, कुणी वापरलंय का? चाळीस-पन्नास माणसं तरी सोबत आली पाहिजेत, बरेचजण रिटायर्ड आहेत, फार तांत्रिक नको.

पाटीलकी_सोडलेला
मी २०१९ च्या नोव्हेंबरात गेलेलो. ट्विटरने सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं अकाउंट बंद केलं म्हणून गदारोळ झाला आणि आपल्याकडची झुंडच्या झुंड मॅस्टोडॉनवर आली होती, त्यातलाच मी एक. पहिला आठवडा लग्नघरासारखी गर्दी, महिन्याभराने मी आणि दोन-तीन बंगलोरचे कंप्यूटरवाले, बाकी सगळे गपचूप परत. मी आपला राहिलो.
ताई, तिथे एक कंपनी नसते, वेगवेगळे लोक आपापले सर्व्हर चालवतात, ईमेलसारखं, तुमचं अकाउंट कुठेही असलं तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलता येतं. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्याच पोस्टी, त्यापण वेळेच्या क्रमाने. हॅशटॅगपण फॉलो करता येतो, त्यामुळे सगळ्यांनी #रानफुलं लावायचं ठरवलं तर निम्मं काम झालं. जाहिराती नाहीत.
आता वाईट बाजू. मी ज्या छोट्या सर्व्हरवर होतो तो चालवणारा एकटाच माणूस, तो कंटाळला आणि महिन्याची नोटीस देऊन बंद केला. त्याचं काही चुकलं नाही हो, पदरचे पैसे घालत होता. नवीन अकाउंटवर फॉलोअर्स नेता येतात, पोस्टी नाही नेता येत. तीन वर्षांचं लिखाण तिथेच राहिलं. आणि खाजगी मेसेज तिथे एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हरवाल्याने ठरवलं तर वाचू शकतो, तेव्हा आमरीची जागा त्यातपण लिहू नका :)

घाटवाटा७
फुलांसाठी मॅस्टोडॉन कशाला, झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवायची आयनॅचरलिस्ट साइट आहे की! २००८ साली बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था. फोटो टाकायचा, जगभरातले लोक नाव सुचवतात, दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की ती नोंद 'रिसर्च ग्रेड' होते, आणि नोंदीचं लायसन्स मोकळं ठेवलं (म्हणजे इतरांना वापरू दिलं) असेल तर पुढे संशोधकांच्या डेटाबेसात जाते. नऊ वर्षं तुम्ही लोकांनी जे ओळखलंत ते त्या ग्रुपात गाडलं गेलंय, इथे ते कामाला आलं असतं, हे मला जास्त लागतं.
आणि तुमचा तो चिखलाचा प्रश्न. धोक्यातल्या म्हणून नोंदवलेल्या प्रजातींची जागा तिथे आपोआप झाकतात, खरा ठिपका न दाखवता साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात. बाकीच्यांची आपण स्वतः झाकू शकतो. फक्त खाली वर्णनात "पठारावरच्या देवळामागे" असं लिहू नये, असे महाभाग पाहिलेत.

खवचट_काकू
घाटवाटा, सगळं खरं, पण तिथे बहुतेक इंग्रजी आणि लॅटिन कारभार. सोनकीताईंच्या ग्रुपात कुणीतरी लिहीत असेल ना, की आमची आजी याची भाजी करायची, तेलात नुसती परतून, ते कुठल्या रकान्यात भरायचं? ग्रुप फुलांचा असतो तेवढाच त्या आजीचा असतो.
बाकी छोटं टिकत नाही म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. ऑर्कुट २०१४ ला गेलं, गूगल प्लस २०१९ ला, ते ट्विटरसारखं आपलं कू २०२४ ला. मायबोली हे आपलं मराठी संस्थळ १९९६ पासून चालू आहे!! तिथे निसर्गाच्या गप्पांचे धागे वर्षानुवर्षं चाललेत. दहा वर्षांपूर्वीचा प्रतिसादसुद्धा शोधला की सापडतो, त्या मोठ्या साइटवर कालचं शोधून दाखवा.

पाटीलकी_सोडलेला
+१ काकू, आजीचा मुद्दा बरोबर.

सोनकी_सातारकर
सगळ्यांचे आभार. काल बसून ग्रुपातल्या अकरा जणांना फोन केले. सहा तयार आहेत, तीन म्हणाले व्हॉट्सॲपवर काढ, एक काका म्हणाले आता या वयात पासवर्ड नको, तू नावं कळवत जा. एकीने उचललाच नाही.
नोंदी आयनॅचरलिस्टवर आणि गप्पा मराठी संस्थळावर असं सध्या ठरवतेय. एक सांगा घाटवाटा, जुने फोटो टाकताना तारीख फोटोतून आपोआप येते का हाताने घालायची? व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत काहीच दिसत नाहीये.

घाटवाटा७
मूळ फोटोत असते, व्हॉट्सॲपवरून आला की पुसली जाते. तेव्हा ज्याने काढलाय त्याच्याकडूनच मूळ फाईल मागवा, आणि शक्यतो ज्याने काढला त्यानेच टाकावा, दुसऱ्याचे फोटो आपल्या नावावर टाकलेले तिथे चालत नाहीत. त्या काकांना अकाउंट मी उघडून देतो, साताऱ्यात कुठे राहतात?

सोनकी_सातारकर
ते कोरेगावला असतात. व्यनि (खाजगी मेसेज) करते.