भरतीच्या प्रतिमानातील कला (फेज) आणि तळावरचा गाळ
टीपीएक्सओ या जागतिक भरती-ओहोटीच्या संगणकीय प्रतिमानातील प्रवाहवहन (पूर्ण खोलीतून मिळून वाहणारे पाणी) खोलीने भागून वेग काढावा, अशी सूचना कोणी केली आहे, ती योग्यच आहे. मात्र ती खोली त्याच प्रतिमानाची हवी, सागरी नकाशातली नव्हे. मी याहून मोठी चूक केली होती: जाळीच्या दोन बिंदूंमधले मूल्य काढताना मोठेपणा आणि कला (भरतीच्या चक्रातील स्थान दाखवणारा कोन) यांची वेगवेगळी सरासरी घेतली, त्यामुळे ३५०° आणि १०° यांच्यामध्ये ०° ऐवजी १८०° आले आणि भरतीचा प्रवाह ओहोटीचा ठरला. आधी कोसाइन व साइन घटक करून मगच अंतर्वेशन (मधले मूल्य काढणे) करावे. शिवाय तळावरचा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून सरासरी वेगावरून तो काढणे मला मुळीच मान्य नाही. आणि केवळ एम२ (चंद्रामुळे दिवसातून सुमारे दोनदा येणाऱ्या भरतीचा मुख्य घटक) घेतल्यास येणारा-जाणारा गाळ समसमान दिसतो, निव्वळ दिशा कळण्यासाठी एम४ची (एम२च्या दुप्पट वारंवारतेच्या, उथळ पाण्यात तयार होणाऱ्या घटकाची) एम२च्या सापेक्ष कलाही तपासावी लागते.