कामाने पार पिळून निघालात कधी? साहेब असाल किंवा टीममध्ये, अनुभव लिहा

पारसिक_बोगदा
काल तलावपाळीवर भेळ खात उभा होतो. शेजारच्याचा फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला. ऑन-कॉलला, म्हणजे रात्री-अपरात्री फोन आला की कामाला लागायच्या पाळीवर असताना, माझी तीच ट्यून होती. ऐरोलीतली ती नोकरी सोडून सहा वर्षं झाली, तरी हात खिशाकडे गेला.

अकरा जणांचा लीड होतो. क्लायंट अमेरिकेतला, म्हणजे आमची रात्र हा त्यांचा भर दिवस. मी स्वतःला फार समजूतदार बॉस समजायचो. रात्री पावणेबाराला मेल टाकायचो आणि खाली लिहायचो, "उद्या बघितलंत तरी चालेल." एकदा मीटिंगमध्ये एकाने स्क्रीन शेअर केली आणि कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज झळकला. ग्रुपचं नाव 'साहेब झोपले का'. मी सोडून अख्खी टीम त्यात! रोज एक जण माझं लास्ट सीन बघत बसायचा, "झोपले" लिहायचा, मग बाकीचे आडवे व्हायचे. त्याच्याही पाळ्या लावलेल्या. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी ठाण्याला येईपर्यंत गाडीत मोबाइल काढला नाही.

मग मेल सकाळी साडेनऊला शेड्यूल करायला लागलो. ऑन-कॉलच्या रोस्टरमध्ये माझंही नाव घातलं. ज्याची रात्र जागरणात गेली त्याने दुसऱ्या दिवशी जेवूनच यायचं. टीम सावरली. मी मात्र तोवर इतका विटलो होतो की आठ महिन्यांत राजीनामा दिला.

मोगरा_दारात
साहेब झोपले का 😂😂 आमच्या ग्रुपचं नाव 'वादळ कुठवर आलं'. बहुतेक वेळा वादळ लिफ्टमध्ये असतं.

शाखाधिकारी
बँकेत आहे. आम्हाला वाचवलं ते रिझर्व्ह बँकेने, तेही नकळत. नियम असा की संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं. आपल्या विश्रांतीसाठी नाही हो, आपण मागे काही घोळ घालून ठेवलाय का ते बघायला! लॉगिन बंद. पहिले तीन दिवस घरात येरझाऱ्या. बायको म्हणाली, जा बाबा उपवनला फिरून ये. चौथ्या दिवशी दुपारी जेवून जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो. परत गेलो तर शाखा जागच्या जागी. खरं सांगू, जरा वाईटच वाटलं.

जुना_नौपाडा
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सकाळी लोकल, संध्याकाळी घर.

मोगरा_दारात
काका, संध्याकाळी घर एवढंच तर मागतोय 🙏

रबाळे_सेकंड_शिफ्ट
एमआयडीसीत सुपरवायझर. आमच्यात याला अंगावर काढणं म्हणतात. कायद्याने आठवड्याचे ४८ तास, वरच्या तासांना दुप्पट पैसे. दुप्पट म्हणून पोरं स्वतःच डबल शिफ्ट मागतात. घराचे हप्ते असतात, नाही कसं म्हणणार? एक ऑपरेटर सलग दुसरी शिफ्ट करताना प्रेस मशीनवर पेंगला. हात वाचला, ग्लोव्हचं एक बोट गेलं. तो ग्लोव्ह माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणी लागोपाठ डबल मागायला आला की टेबलावर काढून ठेवतो. बोलत काही नाही.

घणसोली_लोकल
मी एचआर, शिव्या घाला. आमच्याकडे 'वेलनेस डे' ठरला. शनिवारी. हजेरी सक्तीची. योगासनांसाठी सकाळी सातला पामबीचजवळ बोलावलं, आणि मग जे झालं ते

घणसोली आलं, उतरते

मोगरा_दारात
अहो!! अर्ध्यावर काय

वॉर्ड_सिस्टर
@जुना_नौपाडा, बर्नआऊट, म्हणजे हे कामाने पिळून निघणं, हा शब्दही तुमच्याच वेळचा आहे हो. फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआऊटवर लिहिलं. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत घेतलं, पण आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. खुणा तीन: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

मला दुसरी आधी दिसली. इनचार्ज होते, माणसं कमी, कोणाची नाइट पडली की मीच थांबायची. पेशंटला 'सहा नंबर' म्हणायला लागले. एक दिवस पेशंटच्या मुलीने हळूच विचारलं, "सिस्टर, आईचं नाव माहितेय का तुम्हाला?" नव्हतं माहीत. चार दिवस औषधं देत होते. त्या आठवड्यात मेट्रनना लेखी दिलं की दोन नाइटनंतर सुट्टी नसेल तर ड्यूटी लावणार नाही, मला आणि वॉर्डातल्या नर्स मुलींनाही. मिळाली. भांडून.

जुना_नौपाडा
सिस्टर, माझे शब्द मागे. पण ती भेळ तलावपाळीवर नक्की कुठली? ओली की सुकी?

पारसिक_बोगदा
सुकी. तिखट जास्त सांगा.

घणसोली_लोकल
आले. तर योगा. ज्या साहेबांची ही कल्पना, ते ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर! शवासनात दोन फोन वाजले, त्यातला एक माझा. आणि फोन त्यांचाच, अटेंडन्स पाठव म्हणून. बाकी उद्या, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या